मॉडर्न क्विल्टिंग गट: ब्लॉक एका मापात कसे आणायचे, आणि वर्षभर उपक्रम कोणते ठेवायचे?

अठरा_सुया
गटात १८ सभासद, महिन्यातून एक बैठक. निम्मे पारंपरिक नमुने करणारे, निम्मे मॉडर्नकडे वळलेले, म्हणजे सपाट रंग, भरपूर मोकळी जागा, सरळ रेषांची शिलाई. दानासाठी एक सामूहिक क्विल्ट (तीन थरांची गोधडी) घेतली आहे: १२ इंची ३० ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौकोन), ५ × ६ मांडणी, तयार माप ६० × ७२ इंच. ब्लॉक जमा झाले, पण मायेसकट (शिवणीत जाणाऱ्या कडेच्या कापडासकट) साडेबारा भरायला हवेत तिथे काही १२, काही सव्वाबारा, थोडेच साडेबारा आहेत. तर:
१. या ब्लॉकचं आता काय करावं?
२. पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून काय?
३. बैठकांत 'काय केलंत ते दाखवा' सोडून आणखी काय ठेवता येईल?

पाव_इंच
आधी काय करू नये ते. वाफेच्या इस्त्रीने ओढून साडेबारात बसवू नका. ओढलेलं कापड पहिल्या धुण्यात मूळ जागी जातं आणि ब्लॉकभोवती चुण्या पडतात. सगळे सरसकट १२ ला छाटूही नका. ज्या ब्लॉकमध्ये त्रिकोणांची टोकं कडेपासून बरोबर पाव इंचावर आहेत, त्यांची टोकं शिवणीत गडप होतील.

प्रत्येक ब्लॉकला चारही बाजूंनी पावणेदोन इंच रुंद पट्टी लावा आणि मग सगळे ब्लॉक १४ इंचाला छाटा. पट्टी लावल्यावर १२ चा ब्लॉक साडेचौदा होतो आणि साडेबाराचा १५, म्हणजे छाटायला सगळीकडे वाव राहतो. छाटताना मोजमाप ब्लॉकच्या शिवणीपासून घ्या, पट्टीच्या बाहेरच्या कडेपासून नव्हे, नाहीतर ब्लॉक चौकटीत एका अंगाला सरकलेला दिसेल. क्विल्ट जोडल्यावर लहान ब्लॉकभोवती १ इंच चौकट दिसेल, मोठ्याभोवती पाऊण इंच. पट्टी पार्श्वभूमीच्याच रंगाची असेल तर हा फरक कळतही नाही. उठावदार रंगाची लावलीत तर प्रत्येक ब्लॉक चुगली करेल.

आता कारण. लोक आळशी नसतात, मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा भाग) फसवतो. बऱ्याच मशीनच्या साध्या फूटाची कड सुईपासून पाव इंचाहून लांब असते. माया दोन्ही तुकड्यांना १/१६ इंच जास्त गेली, तर एका शिवणीमागे १/८ इंच गेला. ब्लॉकमध्ये आडव्या चार शिवणी असतील तर थेट अर्धा इंच. तुमचे १२ वाले ब्लॉक बहुधा असेच झालेत.

पुढच्या वेळी ब्लॉकचा नमुना देण्याआधी सगळ्यांकडून ही चाचणी करून घ्या. दीड इंच रुंद, ५ इंच लांब अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर १ इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच यायला हवी. कमी आली तर सुई एक खाच उजवीकडे घ्या (सुई सरकत नसेल तर मशीनच्या पाट्यावर योग्य अंतरावर टेपचे चार-पाच थर चिकटवून कड करा). माया पाव इंचाला एक-दोन धागे कमीच ठेवायची, कारण शिवणीची घडी वळताना तेवढं कापड खाते.

पन्हा_४२
वरच्या उपायाला अनुमोदन, पण अस्तर विकत घेतलं असेल तर थांबा. ६० × ७२ साठी प्रत्येक बाजूला ३ इंच जादा धरून ६६ × ७८ इंच अस्तर लागतं. किनार काढल्यावर पन्हा ४२ इंच धरला तर ६६ इंचाचे दोन तुकडे घेऊन जोड आडवा टाकायचा, १३२ इंचांत म्हणजे ३.३५ मीटरमध्ये काम होतं. उभा जोड टाकलात तर ७८ चे दोन, सुमारे ४ मीटर.

आता १४ इंची ब्लॉक जोडल्यावर प्रत्येकी साडेतेरा उरतील, म्हणजे क्विल्ट साडेसदुसष्ट × ८१. अस्तर साडेत्र्याहत्तर × ८७ हवं. दोन पन्हे जोडून त्र्याऐंशीच मिळतात, म्हणून आडवा जोड आता पुरत नाही. ८७ चे दोन तुकडे, उभा जोड, १७४ इंच म्हणजे साधारण साडेचार मीटर. आधी कापड आणून बसलेल्या गटाची फजिती इथेच होते.

अस्तराची माया अर्धा इंच ठेवा आणि ती दोन्हीकडे उघडून इस्त्री करा, म्हणजे क्विल्टच्या मध्यावर जाड कणा येत नाही.

उरेब
मी उलट बाजूने बोलते. निम्मा गट मॉडर्नचा असताना सगळ्यांकडून साडेबारा इंच मागायचेच कशाला? ठरावीक मापाचा हट्ट सोडा आणि तुकडे मागा: लाकडी फळ्यांसारख्या वाकड्या पट्ट्या, मध्याभोवती फिरत गेलेले चौकोन, तिरके क्रॉस, एका रंगातून दुसऱ्यात जाणारे पट्टे. अट एकच, कुठलीही बाजू ६ इंचांपेक्षा लहान नको आणि कडा सरळ छाटलेल्या हव्यात. मग तीन-चार जणांनी बसून भिंतीवर मांडायचे आणि मधल्या जागा पार्श्वभूमीच्या पट्ट्यांनी भरायच्या. भरायला तयार क्विल्टच्या क्षेत्रफळाच्या साधारण निम्म्याइतकं एकच सपाट कापड आधीच बाजूला काढून ठेवा, मध्येच संपलं तर दुसऱ्या ताग्याची छटा जुळत नाही.

यात चूक होते ती जोडण्याच्या क्रमाची. आधी लहान तुकडे जोडून आयत करा, मग आयतांचे मोठे आयत, मग पट्टे. मध्येच एल आकाराची खाच उरली तर तिथे अर्धवट शिवण टाकत बसावं लागतं. आणि वाकड्या कापामुळे कडा उरेब (धाग्याला तिरक्या) होतात, त्या हात लावताच ताणतात. अशा तुकड्यांना कापण्याआधीच खळ द्यावी आणि इस्त्री फिरवू नये, उचलून ठेवावी.

पाव_इंच
मान्य, पण 'वाकडं चालतं' म्हटलं की काही जण शिवणसुद्धा वाकडी घालतात. रचना मोकळी, शिवण नेमकी, हे सूचनापत्रात ठळक लिहा. माया पाव इंचापेक्षा बरीच कमी राहिली तर तिथे धुण्यात उसवतं.

कोरी_जागा
तिसऱ्या प्रश्नाचं. पारंपरिक आणि मॉडर्न असे दोन तट पडू न देणारा उपक्रम हवा असेल तर एकच जुना ब्लॉक सगळ्यांना द्या, समजा तारा, आणि दोन महिन्यांत प्रत्येकाने त्याचं एक काहीतरी मोडायचं: आकार चौपट करायचा, किंवा निम्मा तारा काठाबाहेर घालवायचा, किंवा पार्श्वभूमी आणि ताऱ्याचे रंग उलटायचे. बंधन एकावर ठेवा. तिन्ही सोडून दिलं की लोक गोंधळतात आणि शेवटी नेहमीचाच तारा आणतात.

द मॉडर्न क्विल्ट गिल्ड २००९ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालं आणि त्यांचं पहिलं प्रदर्शन-संमेलन क्विल्टकॉन २०१३ मध्ये ऑस्टिनला भरलं, म्हणून मॉडर्न म्हणजे कालपरवाचं असा समज असतो. त्याला उतारा म्हणून एक बैठक अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कित्येक दशकांपासून शिवलेल्या क्विल्टवर ठेवा. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात त्या मांडल्या गेल्या. कौतुक करायला नाही, मोजायला बसा: उभी-आडवी जाळी कुठे मोडते, एकाच पट्टीची रुंदी किती वेळा बदलते, सर्वात गडद रंग कुठल्या कोपऱ्यात आहे. तासाभरात दोन्ही गट एकाच चित्रावर वाद घालत बसतात.

फिरत्या क्विल्टचा उपक्रमही चांगला, पण १८ जणांत एकच साखळी नको. सहा-सहाच्या तीन करा. प्रत्येकाने १२ ते १६ इंची मध्यभाग आणि सोबत पार्श्वभूमीचं अर्धा मीटर कापड पिशवीत घालायचं, दर महिन्याला पुढचा एक किनार लावणार. पिशवीत कागद हवा: मालकाला नको असलेले रंग, आणि आतापर्यंतची मापं. साखळी अडते ती नेहमी तिसऱ्या-चौथ्या हातात, कारण बाजू तोवर ३० इंचांवर जाते आणि लोक घाबरतात. किनारीची रुंदी २ ते ४ इंच अशी आधीच बांधून द्या. किनार कापताना क्विल्टची कड नव्हे, मधून मोजायचं आणि तेच माप दोन्ही बाजूंना वापरायचं. कडा ताणलेल्या असतात, कडेवरून मोजलेली किनार लाटा मारते.

अठरा_सुया
खूप उपयोगी. पुढच्या वेळी कापड एकाच ठिकाणाहून वाटावं, की ज्याने त्याने आपलं आणावं? आणि सगळ्यांनी मिळून एक शिवणदिवस घ्यायचा आहे, तिथे काय सांभाळायचं?

पन्हा_४२
पार्श्वभूमी एकाच ताग्यातून, बाकी रंग ज्याचे त्याचे. तीन पांढरे शेजारी आले की एक पिवळा दिसतो, एक निळा.

आणलेलं कापड शुद्ध सुती, आणि एक तर सगळ्यांनी धुतलेलं, नाही तर कोणीच नाही. धुतलेलं आणि कोरं एकत्र शिवलं तर कोरं नंतर आकसतं आणि तेवढाच ब्लॉक सुरकुततो. गडद लाल, निळे आणि काळे मात्र प्रत्येकाने तपासावेत: तुकडा गरम पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर अर्धा तास ठेवायचा. डाग आला तर तो रंग सामूहिक क्विल्टमध्ये नकोच, कोणी कितीही सांगो की 'एकदाच सुटतो'.

नमुना फाइल म्हणून पाठवत असाल तर पानावर १ इंचाचा चौकोन हवाच. छापताना 'पानात बसवा' निवडलं की सगळा नमुना थोडा लहान होतो आणि मग दोष शिवणीवर येतो. विकतचा नमुना असेल तर एक प्रत घेऊन सगळ्यांना वाटू नका. प्रत्येकाने आपली घ्यावी.

दहा_टाके
शिवणदिवसाची खरी अडचण वीज. मशीनला फार लागत नाही, इस्त्रीला लागते. दोन इस्त्र्या एकाच सर्किटवर गरम झाल्या की सगळी खोली बंद. आदल्या दिवशी कुठला प्लग कुठल्या सर्किटवर आहे ते पाहून चिकटपट्टीवर लिहा. चार-पाच मशीनमागे एक इस्त्री पुरते. कापायचं टेबल कमरेच्या उंचीचं हवं, जेवणाच्या टेबलावर वाकून दोन तास कापलं की पाठ धरते. रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचा) हातातून खाली ठेवण्याआधी पातं बंद, हा नियम पहिल्या मिनिटाला सांगा.

कामं वाटून द्या: दोघे कापायला, चौघे जोडायला, एक इस्त्रीला, आणि एक जण फक्त मोजायला. प्रत्येक जोडलेला पट्टा पुढे जाण्याआधी त्याच्याकडे जाईल. आणि सगळ्यांनी एकाच बनावटीची मोजपट्टी वापरा, वेगवेगळ्या पट्ट्यांवरच्या रेघांच्या जाडीतही फरक असतो.

तिन्ही थर टाचायचं काम त्या दिवशीच उरका, एकट्याने करणं फार जिकिरीचं. अस्तर उलटं करून टेबलाला टेपने लावा, ताठ हवं पण ताणलेलं नको. ताणून लावलंत तर टेप काढताच ते आकसतं आणि मागे घड्या शिवल्या जातात. सेफ्टी पिना मुठीएवढ्या अंतरावर, मधून बाहेर, शिलाईच्या रेषा टाळून.

सरळ रेषांची शिलाई वॉकिंग फूटने (सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा फूट), टाका ३ मिमी, सुई ९०/१४. पहिली रेघ मध्यावर, आणि सगळ्या रेघा एकाच कडेपासून सुरू करा. एक वरून, एक खालून अशी केलीत तर थर एकमेकांवर सरकून तिरप्या सुरकुत्या पडतात. साडेसदुसष्ट × ८१ ला एक इंच अंतराने ६७ रेघा म्हणजे जवळपास १३८ मीटर शिलाई. वर-खाली मिळून ३०० मीटरहून जास्त दोरा लागतो, एकाच छटेचा आधीच आणून ठेवा. अंतर वाढवायचं असेल तर बॅटिंगच्या (मधल्या भरणाच्या) वेष्टनावर कमाल किती अंतर लिहिलंय ते आधी बघा. त्याहून विरळ शिवलं तर आतलं भरण गोळा होतं.

अठरा_सुया
गोटाला (कडेभोवतीच्या पट्टीला) किती कापड? आणि दानाच्या क्विल्टवर लेबल लावायचं का?

पन्हा_४२
परीघ २९७ इंच, जोड आणि कोपऱ्यांसाठी १२ धरून ३०९. एका पन्ह्यात ४० इंच धरले तर ८ पट्ट्या, अडीच इंच रुंदीच्या, म्हणजे २० इंच कापड. छाटायला धरून ५५ सेंटिमीटर घ्या. पट्ट्या ४५ अंशांत तिरक्या जोडा, सरळ जोडलात तर जाड गाठ येते. दानाच्या क्विल्टचा गोट दोन्ही बाजूंनी मशीनने शिवा, सारख्या धुण्याला हाताची तुरपाई लवकर सुटते.

लेबल हवं. तिकोनी घडी घालून अस्तराच्या कोपऱ्यात ठेवा, गोटाबरोबरच दोन बाजू शिवल्या जातात, तिसरी हाताने. त्यावर गटाचं नाव, वर्ष, कापड-भरण कशाचं आणि कसं धुवायचं एवढंच. करणाऱ्यांची नावं घालायची असतील तर ती गटाच्या वहीत ठेवा.