भुयारी कोळसा खाणीत पंपाचं काम : विहिरीवरच्या मोटारीपेक्षा वेगळं काय?

रावेर_केळीवाला :
राम राम मंडळी. धाकट्या भावाचं आयटीआय फिटर झालंय. चंद्रपूरकडे भुयारी कोळसा खाणीत कंत्राटदार त्याला पंप खलाशी म्हणून घेतोय. विहिरीवरच्या मोटारी, फूटव्हॉल्व्ह, पाइपलाइन हे त्याला सगळं येतं. कोळसा काढायचा नाही, नुसतं पाणी उपसायचं, म्हणून धोका कमी, असं कंत्राटदार म्हणतो. खरंय का? जायच्या आधी काय माहीत हवं?

डिपसाइड_फिटर :
अर्धंच खरं. पाणी उताराला जमतं, म्हणून पंप असतो डिपच्या (उताराच्या खालच्या बाजूच्या) टोकाला. तिथला कोळसा बहुतेक निघून गेलेला, ये-जा थोडी, हवाही मंद. आणि खलाशी बराच वेळ एकटा.

त्यामुळे पंपाआधी हवा बघायची. मिथेन हलका, छताला लागतो. कार्बन डायऑक्साइड जड, खड्ड्यात बसतो. डिटेक्टर छताजवळही धरा आणि संपाच्या (पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्याच्या) काठाला खालीही. मिथेन १.२५ टक्के दिसला की वीज तोडून बाहेर (पेटतो तो ५ ते १५ टक्क्यांत, पण तिथवर थांबायचं नसतं). ऑक्सिजन १९ टक्क्यांखाली असेल तर तिकडे पाऊल टाकायचं नाही.

आता पंप. एअर कॉकमधून बुडबुडे थांबून सलग पाणी येईपर्यंत प्रायमिंग, म्हणजे पंपात पाणी भरून हवा काढणं. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालू, प्रेशर चढलं की व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. बंद व्हॉल्व्हवर जास्त वेळ चालवला तर आतलं पाणी तापतं. थांबवताना आधी व्हॉल्व्ह, मग मोटर. उभा चढ १०० मीटर असेल तर गेजवर साधारण १० किलो (दर चौरस सेंटिमीटरला), पाइपचं घर्षण वेगळं. मोटर एकदम तोडली की तो सगळा पाण्याचा स्तंभ एनआरव्हीवर (पाणी उलटं न येऊ देणाऱ्या व्हॉल्व्हवर) आदळतो आणि जॉइंट फुटतो. शेतातल्या कमी हेडच्या मोटारीवर हे फारसं जाणवत नाही, म्हणून नवा गडी इथेच चुकतो.

गेज आणि अँमीटर जोडीने वाचा. दोन्ही पडले, काटा थरथरतो : जाळीत कोळशाची भुकटी अडकलीय किंवा सक्शनला हवा लागतेय. प्रेशर पडलं पण अँपिअर वाढले : पुढे पाइप फुटलाय. ग्लँड (शाफ्टभोवतीचं पॅकिंग दाबणारा भाग) थेंब थेंब गळू द्या. कोरडी आवळली तर पॅकिंग जळतं, शाफ्टवर चर पडते. काही खाणींचं पाणी आम्लधर्मी असतं, तिथे बिडाचा इम्पेलर लवकर खातो.

वायरमन_भुसावळ :
विजेचं एकच सांगतो भो, विहिरीवरचे जुगाड तिथे नकोत. खाणीतल्या स्विच-मोटारीच्या फ्लेमप्रूफ पेटीच्या आत स्फोट झाला तरी ज्वाळा फ्लँजच्या (झाकणाच्या जोडाच्या) बारीक फटीतून निघताना थंड होते, बाहेरचा गॅस पेटत नाही. एक बोल्ट कमी, फ्लँजवर रंग, मध्ये रबर, नाहीतर केबल ग्लँड (केबल आत जाते तिथला जोड) ढिली, की ती पेटी साध्या पेटीसारखीच झाली. फिटरने पॅनल उघडायचंच नाही. वीज जमिनीत गळतेय म्हणून अर्थ लीकेज ट्रिप झालं तर परत परत रिसेट न मारता इलेक्ट्रिशियनला बोलवा.

रावेर_केळीवाला :
धन्यवाद भाऊ. पावसाळ्यात पाणी वाढतं तेव्हा?

डिपसाइड_फिटर :
संपाची पातळी दर तासाला लिहायची, नुसती डोळ्यांनी बघून सोडायची नाही. पाऊस नसताना आवक वाढली, पाण्याचा रंग बदलला किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर जुन्या बुडालेल्या कामातून पाणी झिरपत असू शकतं. लगेच ओव्हरमनला (पाळीच्या देखरेख अधिकाऱ्याला) कळवा. जुन्या पाणथळ कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय काम पुढे नेता येत नाही, तो नियम याचसाठी. १९७५ ला धनबादजवळच्या चासनाळा खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. पाळीच्या सुरुवातीला राइजकडे (चढाच्या बाजूला) चढणारा बाहेरचा रस्ता एकदा चालून बघायला सांगा.

लॅम्परूम_दादा :
कंत्राटदाराला तीन गोष्टी विचारा : फॉर्म ओची (खाण कामगाराच्या तंदुरुस्तीच्या दाखल्याची) वैद्यकीय तपासणी, व्होकेशनल ट्रेनिंग आणि कोळसा खाण भविष्य निधीचा नंबर. कोल इंडियाच्या कंपनीची खाण असेल तर मजुरी हाय पॉवर कमिटीच्या (कंत्राटी कामगारांचे दर ठरवणाऱ्या समितीच्या) दराने मिळायला हवी, तेही लेखी घ्या. सेल्फ रेस्क्यूअर (विषारी हवेतून बाहेर पडताना श्वासासाठी लावायचं उपकरण) कमरेला असावा, खुंटीला नाही. फिल्टरचा असेल तर तो फक्त कार्बन मोनॉक्साइड अडवतो. ऑक्सिजनच कमी असेल तिथे त्याचा उपयोग शून्य, तिथे स्वतः ऑक्सिजन देणाराच लागतो. बिडी, माचिस, मोबाइल वरच ठेवायचं, झडती होते.