उशीवरचे केस: विशी-पंचविशीत टक्कल पडू लागलेल्यांचे अनुभव

हा धागा उपायांसाठी नाही. कांदा, जास्वंद, माका, कढीपत्ता हे सगळं प्रत्येकाचं डोक्याला लावून झालंय असं मी धरून चालतो. पहिल्यांदा कळलं तेव्हा तुम्ही काय काय केलंत, ते ऐकायचंय. नाव नको, बेळगावातला भाग किंवा आसपासचं गाव आणि वय लिहा. आधी मीच सांगतो.

टिळकवाडी, वय २९. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. केस कापणाऱ्यानं मागून आरसा धरला आणि म्हणाला, "अण्णा, मधी हलकं झालंय की." बास. दुसऱ्या दिवसापासून उशीवरचे केस मोजायला लागलो. वहीत तारीख आणि पुढं आकडा. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचो, मागं कुणी नको म्हणून. ओल्या केसांतनं टाळू दिसते, त्यामुळं पावसात भिजायचं नाही. आता बेळगावात राहून पाऊस चुकवायचा म्हणजे जून ते सप्टेंबर घरात कोंडूनच घ्यायचं. गणपतीच्या विसर्जनाला मी दोन वर्षं गेलो नाही. ती वही अजून आहे. त्या सेमिस्टरच्या कुठल्याच विषयाची वही एवढी भरलेली नाही.

उद्यमबाग, वय २४. मला टायफॉईड झाला होता. बरा होऊन कामावर गेलो आणि तीन महिन्यांनी केस मुठीनं यायला लागले. ताप कधीचा गेलेला, त्यामुळं दोन्हीचा संबंध डोक्यातच आला नाही. कांद्याचा रस सुरू केला. सकाळच्या बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहायची, एवढा एकच फायदा. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, थायरॉईड तपासून घेतलं आणि सांगितलं, मोठ्या तापानंतर बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात, मुळं शाबूत असतात. सहा-सात महिन्यांत भरून आले. खात्यातला कानडी मित्र रोज म्हणायचा, "चिंता माडब्याड", म्हणजे काळजी करू नको. त्याचंच बरोबर निघालं, खरं त्याच्या डोक्यावर जंगल आहे, त्याचं काय जातंय!

शहापूर, वय २७. मी औषध लावणाऱ्यांतला. आधी एका क्लिनिकमध्ये गेलो होतो. तिथं टाळू कॅमेऱ्याखाली धरून पडद्यावर दाखवली आणि पहिल्याच भेटीत साठ हजारांचं पॅकेज पुढं केलं. एवढं मोठं करून दाखवलं की कुणाचंही डोकं माळरानच दिसतं. उठून आलो. मग एका डॉक्टर बाईंनी पाच टक्क्यांचं मिनॉक्सिडिल दिलं. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढायला लागले, म्हणून ते डोक्याला लावायचं औषध झालं; अमेरिकेत त्याला १९८८ साली मान्यता मिळाली. माझे पहिल्या महिन्यात आणखीच गळाले. घाबरून बाटली फेकली. बाई म्हणाल्या, सुरुवातीला तसं होतं, चार-सहा महिने धीर धरायचा. परत सुरू केलं. होते ते टिकलेत, टाळूवर थोडे वाढलेतही. सोडलं की काही महिन्यांत सगळं पहिल्यासारखं, म्हणजे हा हप्ता न संपणारा आहे.

गोळीचंही बोलणं झालं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं आणि आपल्यासारख्यांच्या कपाळावरची, टाळूवरची मुळं त्यानं बारीक होत जातात. फिनास्टेराईडची गोळी हे डीएचटी कमी करते. काही जणांना त्यानं इच्छा कमी होण्याचा त्रास होतो, हे बाईंनी न विचारता सांगितलं. माझं लग्न ठरत होतं. नको म्हटलं.

चिकोडी, वय २२. मला गोल चट्टा पडला होता, ती चाई, तिची गोष्ट वेगळी. आजीनं किड्यानं खाल्लं म्हणून लसूण घासला, कातडी भाजली. शरीराचीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते, असं डॉक्टर म्हणाले. चट्ट्यात इंजेक्शनं घेतली. आधी पांढरे आले, मग काळे.

निपाणी, वय ३१. मामाचं डोकं काळंभोर, म्हणून मी निश्चिंत होतो. टक्कल आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून येतं हे फार उशिरा कळलं. मुलगी बघायला गेलो तेव्हा अठ्ठावीसचा होतो. मुलीच्या मामांनी चहा संपवला आणि आमच्या काकांना विचारलं, "पोरगा चांगला आहे, खरं वय किती म्हणालासा?" आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. मला मात्र त्या दिवशी पुण्याचं 'खरं' ऐकू आलं. काकांनी डोक्यावरची टोपी काढून स्वतःचं तुळतुळीत डोकं दाखवलं. "हा आमच्या घरचा उतारा आहे, ह्याचं नाव जरा लवकर लागलंय." सगळे हसले, मीही हसलो, घरी येऊन जेवलो नाही. ते स्थळ मोडलं ते शेतीवरून. डोक्याचा विषयच निघाला नाही म्हणे.

खानापूर, वय ३०. बाबा गेले तेव्हा मी पंचवीसचा. दहाव्याला मलप्रभेच्या काठावर आम्ही तिघं भाऊ ओळीनं बसलो. न्हाव्याला माझ्या डोक्याला निम्माच वेळ लागला, पैसे त्यानं तेवढेच घेतले. त्याही दिवशी भावांना हसू आलं. त्याआधी पाच वर्षं कंगवा फिरवून झाकत होतो. त्या दिवसानंतर परत वाढवलेच नाहीत. दर रविवारी मशीन मारतो.

वडगाव, वय १९. भरतीची तयारी करतोय. बोअरच्या पाण्यानं आणि हेल्मेटनं गळतात काय? काल ८३ मोजले.

टिळकवाडी: रोज पन्नास ते शंभर सगळ्यांचेच जातात रे. बोअरच्या पाण्यानं केस राठ होतात, मूळ मरत नाही. हेल्मेट काढू नकोस. भांग रुंद होत चाललाय किंवा कपाळ मागं सरकतंय असं वाटलं तर डॉक्टरला लवकर दाखव, गेलेले आणण्यापेक्षा असलेले टिकवणं सोपं.

वडगाव: बरं दादा. भरती झालो तर तिथं सगळ्यांचेच बारीक करतात म्हणे, तोपर्यंत टिकले तरी बास. आज मोजले नाहीत. म्हणजे चाळीसपर्यंत मोजले, मग आईनं हाक मारली.