तीन दारांचा फार्स, जत्रेचा रंगमंच आणि हातात पस्तीस दिवस

हौशी_कुडाळ विचारतात:

नमस्कार मंडळी. आमचं गावातलं हौशी नाट्यमंडळ, सिंधुदुर्गात. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी दोन अंकी फार्स करायचा ठरलंय. पात्रं नऊ, दिवाणखान्याचा एकच सेट, त्यात तीन दारं आणि सतत पळापळ. रंगमंच शाळेच्या मैदानावरचा, सिमेंटचा, २४ फूट रुंद, १८ फूट खोल. समोर मंडप, ३५० खुर्च्या. तालमी रोज रात्री साडेआठ ते साडेदहा, अजून ३५ दिवस आहेत.

अडचणी अशा:
१) दार जोरात आपटलं की अख्खी भिंत हलते. सुतार म्हणतो खिळे वाढवू. त्याने भागेल का?
२) हशा आला की पुढची दोन वाक्यं वाहून जातात. थांबायचं किती?
३) तिघे नट दशावतारातले आहेत. माणसं तयारीची, पण लिहिलेलं वाक्य तसंच्या तसं बोलत नाहीत. अ‍ॅडिशनवर अ‍ॅडिशन.
४) माइक कुठले घ्यायचे? साउंडवाला कॉलरचे नऊ माइक देतो म्हणतो.

---

खिळे_मोळे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: खिळे वाढवून काही होणार नाही. भिंत हलते कारण दाराची चौकट फ्लॅटलाच, म्हणजे सेटच्या भिंतीच्या सुट्या तुकड्यालाच ठोकलेली असते. चौकट स्वतंत्र उभी करा. दोन बाय तीनच्या लाकडाची, साडेसहा फूट उंच, अडीच फूट रुंद. खाली दोन्ही पाय दोन इंची लोखंडी पट्टीने जोडा, नाहीतर पाय फाकतात आणि दार अडकतं. या चौकटीला मागून तिच्या स्वतःच्या दोन तिरक्या टेकण्या द्या. त्यातली एक कडीच्या बाजूला हवीच, कारण धक्का तिथे बसतो. सिमेंटवर खिळा जाणार नाही, म्हणून प्रत्येक टेकणीच्या पायावर २० किलोचं वाळूचं पोतं. फ्लॅट आणि चौकट यांच्यात अर्धा इंच फट ठेवा आणि ती समोरून रंगवलेल्या पट्टीने झाका. पट्टी फक्त चौकटीला ठोका, फ्लॅटला नको. आता दार कितीही आपटा, भिंत शांत.

दाराची फळी म्हणजे रिपांचा सांगाडा आणि दोन्ही बाजूंनी ४ मिमी प्लाय. बाजारातलं तयार फ्लश डोअर लावू नका, वजनाने चौकट ओढली जाते. चार इंची तीन बिजागऱ्या, स्क्रूने. खाली अर्धा इंच मोकळं ठेवा, कारण जाजमाची सुरकुती आयत्या वेळी दाराखाली येतेच. कडीऐवजी बॉल कॅच लावा, म्हणजे बंद दार आपोआप धरून ठेवणारा खटका. फार्समध्ये सगळ्यांत वाईट काय, तर आपटलेलं दार हळूच परत उघडणं आणि आत लपलेला माणूस प्रेक्षकांना दिसणं. दार रंगमंचाबाहेर उघडायला हवं आणि बाजूच्या भिंतीतल्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या, म्हणजे मागच्या भिंतीकडच्या अंगाला. तसं केलं की उघडी फळीच विंगेतली गर्दी झाकते.

मापांचं बोलायचं तर १८ फूट खोलीतले पुढचे तीन फूट दर्शनी पडदा आणि माइकसाठी सोडा. मागे तीन फुटांची वाट सोडा. ती सोडलीच नाही तर डावीकडून गेलेला नट उजवीकडून यायला पायऱ्या उतरून, अंधारातून, मंडपाच्या दोऱ्या चुकवत येणार. उरलेल्या बारा फुटांत सेट बसतो: समोर १८ फूट उघडा, मागची भिंत १२ फूट, बाजूच्या भिंती बाहेरच्या बाजूला थोड्या फाकवून १२-१२ फूट. चार बाय आठचे नऊ फ्लॅट झाले, त्यातले तीन दाराचे. दोन्ही कडांच्या खुर्च्यांवरूनही तिन्ही दारं दिसतात की नाही ते बसून बघा, उभं राहून नाही.

आणि प्रत्येक दारापासून दुसऱ्या दारापर्यंत मागून जायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा, धोतर-साडीसकट. आकडा संहितेत समासात लिहा. संहितेत अकरा सेकंदांची वाक्यं आणि वाट अठरा सेकंदांची असेल, तर ते गणित तालमीच्या तिसऱ्या दिवशी कळलेलं बरं.

---

तिसरी_घंटा

हशाचं सांगतो. "किती सेकंद थांबायचं" हा प्रश्नच चुकीचा आहे, माफ करा. हशा चढतो, टेकतो, उतरतो. उतरायला लागला, पण अजून संपला नाही, तिथे पुढचं वाक्य धरायचं. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर नाटक थंड पडतं, आणि चढतीवर बोललात तर प्रेक्षक ऐकण्यासाठी स्वतःचं हसू दाबतात. दोनतीनदा दाबायला लागलं की ते हसणंच सोडतात. पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला एखादा फुकट शब्द ठेवा, "अहो", "म्हणजे", "थांबा थांबा". तो वाहून गेला तरी नुकसान नाही.

थांबलेल्या नटाने पुतळा होऊ नये. चष्मा पुसा, पत्र पुन्हा वाचायला घ्या, चालू असलेल्या गोष्टीतच काहीतरी करा. प्रेक्षकांकडे बघायचं नाही, हसायचं तर नाहीच. आणि ज्याचं वाक्य नाही त्याने त्या क्षणी अजिबात हलायचं नाही. एकाने पदर सारखा केला तरी नजर तिकडे जाते आणि वाक्य पडतं. अशा वेळी दोष बोलणाऱ्याला मिळतो, केलेलं असतं दुसऱ्यानेच.

मराठीची एक खास अडचण आहे, तिच्याकडे हौशी मंडळी बघत नाहीत. आपलं क्रियापद शेवटी येतं. "तुमच्या पलंगाखाली आमचे सासरे लपून बसलेले आहेत" या वाक्यात हसायचा शब्द "सासरे". त्याच्यामागे "लपून बसलेले आहेत" एवढं शेपूट. प्रेक्षक "सासरे"ला फुटतात आणि नट अजून बोलतच असतो. उलट "पलंगाखाली लपलंय कोण, तर आमचे सासरे!" इथे शब्दही संपला आणि हशाही तिथेच. वाचनाच्या पहिल्या आठवड्यात हशाच्या प्रत्येक जागी शेवटचा शब्द कोणता येतो ते तपासा. लेखक हयात असतील तर बदल त्यांना विचारून करा. बदल करायचा नसेल तर निदान शेपूट गिळायचं नाही, वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडायची आपल्याकडे सर्रास सवय आहे.

तालमीत हशाचा सराव कसा करायचा? विसाव्या दिवसापर्यंत सगळ्यांना सगळे विनोद शिळे वाटायला लागतात आणि मग नट ओरडायला किंवा तोंडं वेडीवाकडी करायला लागतात. एकाला खाली बसवा, त्याचं काम फक्त मनाला येईल तिथे टाळ्या पिटणं, कधी दोन सेकंद, कधी सहा. नटांनी त्यातून वाट काढायची. शिवाय पंचविसाव्या आणि तिसाव्या दिवशी नाटक न पाहिलेली आठदहा माणसं बोलवा, नातेवाईक नकोत. ते भलत्याच जागी हसतील. त्या जागा समासात टिपा.

पहिली दहा मिनिटं विनोदाच्या मागे लागू नका. कोण कुणाचा कोण, कुठलं दार कुठे जातं, चिठ्ठी कुणाच्या खिशात, हे स्वच्छ आणि सावकाश. फार्स पुढे कोसळतो तो बहुतेक इथेच काही ऐकू न गेल्यामुळे. वेग दुसऱ्या अंकासाठी राखून ठेवा.

लांबी धरताना: तालमीत १२० मिनिटं भरलं तर हशासकट दहाबारा मिनिटं वाढतात, मध्यंतर वेगळं.

प्रॉम्प्टरच्या प्रतीत प्रत्येक मुद्दाम घेतलेल्या थांब्यावर दोन उभ्या रेघा मारा. नाहीतर नट हशासाठी थांबलेला असतो आणि विंगेतून पुढचं वाक्य मोठ्याने ऐकू येतं. मग जो हशा येतो तो नाटकाचा नसतो.

---

भोंगा

कॉलर माइक नऊ? नको. फार्समध्ये मिठ्या, झटापटी, छातीवर हात मारणं चालतं, प्रत्येक वेळी धाडकन आवाज. दोघं जवळ आले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरून पोकळ येतो. घामाने माइक गप्प होतात. आणि नऊ चॅनल वरखाली करणारा माणूस संहिता हातात घेऊन बसलेला हवा, तो जत्रेच्या साउंडवाल्याकडे नसतो.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत ठेवायचे चार माइक (फूट-माइक), साधारण पाच-पाच फुटांवर, खाली इंचभर फोम. मागच्या दारापाशी बरीच वाक्यं असतील तर वरून दोन टांगते. मिक्सरवर १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं कापा, पावलांची धडधड जाते. स्पीकर माइकच्या रेषेच्या पुढे, निदान चारपाच फूट, आणि तोंड प्रेक्षकांकडे. ते मागे गेले की शिट्टी आलीच. सगळ्या चॅनलचा आवाज एकदम चढवू नका, ज्या बाजूला बोलणं चालू तेवढेच वर.

उघड्या मैदानात हशा पसरून विरतो. बंद सभागृहात तो भिंतींवरून परत येतो आणि बाजूचाही हसतो, इथे तसं होत नाही. यावर उपाय खुर्च्यांचा. पहिली रांग मंचापासून आठदहा फुटांवर, रांगा दाट. ३५० एकदम मांडू नका. २२० मांडा, बाकीच्या मंडपाच्या मागे रचून ठेवा आणि भरतील तशा वाढवा. विरळ बसलेली माणसं हसायला लाजतात.

वीज: हजार वॅटचे बारा पार दिवे लावलेत तर १२ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला बावन्न अँपिअरच्या आसपास. शाळेच्या सिंगल फेजवर हे चालणार नाही. एलईडी पार घ्या किंवा थ्री फेज जनरेटर. साउंड आणि डिमर वेगळ्या फेजवर ठेवा, नाहीतर दिवा मंद केला की स्पीकर गुणगुणतो. विनोदी नाटकाला प्रकाश भरपूर आणि सपाट हवा, डोळे दिसले पाहिजेत. निळ्याजांभळ्या छटा जत्रेच्या ऑर्केस्ट्रासाठी ठेवा.

वेळेचंही बघा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सवलतीच्या मोजक्या दिवसांत तुमचा दिवस येत नसेल तर सव्वासातला तिसरी घंटा द्यावीच लागेल. पोलीस ठाण्याचा परवाना आधी घ्या.

---

हौशी_कुडाळ

खूप उपयोगी. वाट मोजली, डावीकडून उजवीकडे बावीस सेकंद आहेत! भिंत पुढे घेतो. अ‍ॅडिशनचं कुणी बोललं नाही. सरळ बंदी घालू का?

---

तिसरी_घंटा

घाला. फार्समध्ये एक वाक्य बदललं की दुसऱ्याची एन्ट्री चुकते. याच्यावर चर्चा नको.

---

बाक_आणि_मृदंग

मला हे पटत नाही. दशावतारात लिहिलेली संहिताच नसते. आख्यान ठरलेलं, संवाद उभ्या उभ्या. त्या माणसाला "तसंच्या तसं बोल" म्हटलंत तर तो निम्मा होतो, आणि त्याच्याकडे असलेली सगळ्यांत मोठी गोष्ट, समोरच्या माणसांचा अंदाज, ती तुम्ही फुकट घालवता. आडदशावतारातला, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातला संकासुर गावातल्या कुणाची फिरकी घेतो तेव्हा जो हशा येतो, तो छापील वाक्याला येत नाही.

फक्त त्याला कारण समजावून सांगा. दशावतारात समोरचा नट तुमचं ऐकून उत्तर देतो, म्हणून वाक्य बदललं तरी चालतं. फार्समध्ये दाराआडचा नट, दिवेवाला, फोनची घंटा वाजवणारा, हे तिघे शेवटच्या शब्दावर कान लावून असतात. म्हणून संहितेचे दोन रंग करा. ज्या वाक्यावर कुणाची एन्ट्री, दिवा किंवा आवाज अवलंबून आहे ते लाल, त्यातला शेवटचा शब्दसुद्धा बदलायचा नाही. जिथे दोघंच मंचावर आहेत आणि पुढे दोन मिनिटं कुणी येत नाही, अशा तीनचार जागा हिरव्या. तिथे मोकळीक, पण दोन अटी: जास्तीत जास्त अर्धा मिनिट, आणि परतायचं वाक्य ठरलेलं. ते वाक्य कानावर पडलं की समोरच्याने पुढे जायचं.

गावातल्या खऱ्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर त्याला आधी विचारा. जात, अपंगत्व, कुणाच्या घरातलं भांडण, हे हिरव्या जागेतही नाही.

---

तिसरी_घंटा

लाल-हिरवं चालेल. पण रंगीत तालमीत हिरवी जागा मिनिटाच्या वर गेली तर ती लाल करा.

---

समासात_लिहिणारा

दोन कागदपत्रं राहिली. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते लेखकाला किंवा प्रकाशकाला विचारा. नसेल तर ३५ दिवस कमीच आहेत, आजच अर्ज करा. दुसरं, परवानगी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी संस्थेने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला सूट आहे. पण तिकीट किंवा देणगी-प्रवेशिका लावलीत की प्रश्न येतो. लेखकाचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतात. सूट असो नसो, पत्र आणि मानधन द्यायची आपली रीत आहे, ती मोडू नका.

आणि छोट्या गोष्टी. धोतराच्या आत नाडीची अर्धी चड्डी, कंबरेला दोन सेफ्टी पिना. नऊवारी शिवलेली घ्या, अर्ध्या मिनिटात बदलता येते. चिकटवलेली मिशी कोकणातल्या घामाला टिकत नाही. लावण्याआधी ओठावरची त्वचा स्पिरिटने पुसा, गम बोटाला चिकट लागेपर्यंत वाळू द्या, मग दाबा. नाहीतर पेन्सिलने काढा. मंचावर खायचं असेल तर केळं, कारण शिरा टाळ्याला चिकटतो आणि लाडवाचा तोबरा भरला की वाक्य येत नाही. चहाचा कप अर्धाच भरा. विंगेत प्रॉपर्टीच्या टेबलावर कागद अंथरून प्रत्येक वस्तूची खडूने चौकट काढा आणि चिठ्ठीच्या दोन प्रती ठेवा, एक हमखास चुकीच्या खिशात जाते.