ॲमिश मुलांमधले दुर्मिळ आजार: कारण आणि उपचार

प्रश्न (वंशवेल): पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात ॲमिश (आधुनिक सोयींपासून दूर राहणारा अमेरिकेतला ख्रिस्ती समाज) मुलांमध्ये एरवी क्वचित दिसणारे आजार बरेच आढळतात. जवळच्या नात्यातली लग्नं हेच कारण का? आणि निदान झालं तर करता काय येतं?

रेणुसूत्र: सख्ख्या चुलत-मामे भावंडांचं लग्न त्यांच्यात चालत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या मामेबहिणीशी होणाऱ्या लग्नांचा हिशेब तिथे लागू होत नाही. अठराव्या शतकात थोडी कुटुंबं युरोपातून आली, बाहेरचं माणूस समाजात फारसं आलं नाही, घरोघरी मुलं भरपूर. एका पूर्वजाच्या जनुकातला दोष असा पिढ्यांतून पसरला. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ व्हिक्टर मॅक्युसिक यांनी १९६४ मध्ये एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड आजाराच्या (जादा बोटं, खुजेपणा, हृदयदोष) वंशावळी मांडल्या. त्या १७४४ साली आलेल्या एका जोडप्यापाशी जाऊन थांबल्या.

बालचयापचय: करता येतं, आणि पुष्कळ. ग्लुटॅरिक ॲसिडुरिया प्रकार १ घ्या. लायसिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) नीट मोडत नाही, ग्लुटॅरिक आम्ल साचतं. बाळ जन्मतः ठीक दिसतं. मग पहिल्या दोनेक वर्षांत कधीतरी ताप-जुलाब होतात, खाणं सुटतं, शरीर स्वतःची प्रथिनं मोडू लागतं आणि मेंदूतला स्ट्रायटम (हालचालींवर ताबा ठेवणारा भाग) काही तासांतच कायमचा बिघडतो. म्हणून खरी लढाई आजारपणाच्या दिवसांत असते: नैसर्गिक प्रथिनं २४ ते ४८ तास बंद, तोंडाने टिकत नसेल तर लगेच शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) आणि क्षार, कार्निटीन (साचलेलं आम्ल बाहेर टाकायला मदत करणारं औषध) चालूच. 'उद्या सकाळी बघू' म्हटलं की उशीर झालाच. एरवी लायसिनमुक्त, आर्जिनिनयुक्त दूध पावडर आणि मोजून दिलेलं साधं दूध. प्रथिनं हवी त्याहून कमी दिली तरी वाढ खुंटते आणि शरीर पुन्हा स्वतःलाच मोडतं, हे पालकांना ठासून सांगावं लागतं. डॉ. होम्स मॉर्टन आणि त्यांच्या पत्नी कॅरोलाइन यांनी १९८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच स्ट्रासबर्गला क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन सुरू केलं, ते अशा मुलांवर गावातच वेळेत उपचार व्हावेत म्हणूनच.

वंशवेल: मग जन्मल्यावर एका थेंबात निदान होतं का?

रेणुसूत्र: टाचेच्या रक्तात ग्लुटॅरिलकार्निटीन (साचलेलं आम्ल कार्निटीनला जोडून बनलेला पदार्थ) वाढलेलं दिसतं, पण काही बाळांत ते जेमतेम वाढतं आणि सुटून जातं. लँकेस्टरच्या ॲमिशांत जीसीडीएच (लायसिन मोडायला लागणारं एन्झाइम बनवणाऱ्या) जनुकातला एकच ठरावीक बदल असल्याने तेवढी एक जागा तपासली की भागतं. भारतातल्या बाळासाठी ती चाचणी मागवू नका. इथे बदल निरनिराळे असतात, ती एक जागा निर्दोष आली म्हणून आजार नाही असं ठरत नाही. संपूर्ण जनुकाचा क्रम वाचून घ्या, सोबत लघवीतल्या सेंद्रिय आम्लांची तपासणी करा. संशय दाट असेल तर अहवालाची वाट न पाहता आजारपणातला आहार-सलाइनचा नियम पाळायला लागा.