'बॅटलर'ला मराठीत काय म्हणाल?

आडवाटे:
ऑस्ट्रेलियातल्या निवडणुकांवरच्या, मध्यममार्गी डाव्या पक्षापासून 'दुरावलेल्या मतदारा'वरच्या लेखाचा अनुवाद करतेय आणि 'हॉवर्ड्‌स बॅटलर्स'पाशी अडलेय. बॅटलर म्हणजे संसारासाठी झगडणारा साधा माणूस. १९९६ साली उजव्या लिबरल पक्षाच्या जॉन हॉवर्डनी तेव्हाचे पंतप्रधान पॉल कीटिंग यांच्या मजूर पक्षाला हरवलं. तेव्हा पश्चिम सिडनीच्या उपनगरांतले पिढीजात मजूर पक्षवाले हॉवर्डकडे वळले, त्यांना पडलेलं हे नाव. मी 'हॉवर्डचे कष्टकरी' लिहिलं, तर संपादक म्हणतात, कष्टकरी म्हटलं की लाल बावटाच डोळ्यांपुढे येतो. मग काय लिहू?

कोशातला किडा:
झुंजार.

ठाणेकरीण:
झुंजार नगरसेवक असतो, फ्लेक्सवर. बॅटलर संसार ओढत असतो हो. 'ओढगस्तीतले' बघा.

सिडनीस्थित:
ओढगस्त नको. पश्चिम सिडनीत पेनरिथकडे राहिलोय म्हणून सांगतो. तिथला प्लंबर गरीब नाही. दारात स्वतःची यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी), मागे हत्यारांची पेटी, डोक्यावर घराचं कर्ज. १९८९-९० मध्ये त्या कर्जाचं व्याज १७ टक्क्यांवर गेलं होतं, लोक अजून त्या हप्त्यांच्या गोष्टी सांगतात. पाठोपाठ मंदी आली आणि अर्थमंत्री असलेले कीटिंग म्हणाले, ही यायलाच हवी होती! तिथला लिंडसे मतदारसंघ १९८४ मध्ये तयार झाल्यापासून मजूर पक्षाकडे होता, ९६ ला गेला. 'कामगार' म्हणायचं तर समोर मालक हवा, पाठीशी युनियन हवी. १९९० च्या सुमारास दहातले चार नोकरदार युनियनमध्ये होते, आता एखादाच. हा तर स्वतःच कंत्राटदार, त्याला कामगार कसं म्हणणार?

जुना गिरणगावकर:
यात नवीन ते काय? कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंच्या खुनानंतर १९७० च्या पोटनिवडणुकीत परळला त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. निवडून आले शिवसेनेचे वामनराव महाडिक. चाळी त्याच, गिरण्या त्याच. शब्द तेवढा बदलला, 'कामगार'चा 'मराठी माणूस' झाला.

आडवाटे:
पण कम्युनिस्ट म्हणजे मध्यममार्गी डावे नव्हेत, आणि परळ काही उपनगर नाही.

जुना गिरणगावकर:
उपनगराचं सांगू नका. आमची निम्मी चाळ डोंबिवली-विरारला गेली ती हौसेनं नाही.

सिडनीस्थित:
शिवाय बॅटलर कायमचा गेला असंही भासवू नका. हॉवर्डनी 'वर्क चॉइसेस' हा कामगार कायदा आणला, सुट्टीच्या दिवसाचा जादा पगार धोक्यात आला, लगेच २००७ ला लिंडसे परत मजूर पक्षाकडे. हॉवर्डना तर स्वतःची जागा राखता आली नाही. आता पुन्हा त्यांच्या हातून गेलाय तो मतदारसंघ. २०२२ मध्ये पश्चिम सिडनीतल्याच फाउलर मतदारसंघात तर मजूर पक्षानं कमाल केली. कॅब्रामाटासारखी व्हिएतनामी वस्ती, पक्षाची घरची जागा, आणि उमेदवार दिल्या उत्तरेकडच्या एका बेटावर राहणाऱ्या क्रिस्टिना केनेली. स्थानिक दाई ले अपक्ष उभ्या राहून निवडून आल्या. मतदान सक्तीचं असल्यामुळे रुसलेला माणूस तिथे घरी बसत नाही, दुसऱ्याला मत देऊन येतो.

ठाणेकरीण:
म्हणजे तुमचा तो लेखातला 'दुरावलेला मतदार'ही चुकलाच. दुरावला काय, येऊन-जाऊन आहे.

कोशातला किडा:
मूळ मुद्द्यावर येतो. सुतार, गवंडी, नळवाला यांना आपल्याकडे 'कारू' हा अस्सल शब्द आहे. कारू-नारूतला, म्हणजे गावच्या बलुतेदारांतला. कारखाना, कारागीर त्यातूनच आले.

ठाणेकरीण:
मुळीच नाही. कारखाना, कारागीर फारसीतले, 'कार' म्हणजे काम. तुमचा कारू संस्कृतातला. आणि बलुतेदाराला खळ्यावर धान्य मिळायचं, तो कोटेशन पाठवत नव्हता.

जुना गिरणगावकर:
आमच्या गिरणीच्या खात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता, त्याला कोणी मराठी शब्द शोधला नाही. बॅटलरच ठेवा.

कोशातला किडा:
असंच करत मराठी संपायची. आणि फारसी काय, संस्कृत काय, धातू 'कृ'च ना दोन्हीकडे?

आडवाटे:
लेख उद्या द्यायचाय हो.

ठाणेकरीण:
मग 'कारकून' कुठून आला, ते सांगा आधी.