मांडून काढलेला फोटो खोटा असतो का?

चाटीगल्ली: मागच्या महिन्यात आईचं इरकल नेसून, आपल्याच स्वयंपाकघरात ट्रायपॉड लावून मी बारा फोटो काढले. भाकरी थापताना. पिठाचे हात तसेच ठेवून खिडकीबाहेर बघताना. उष्ट्या ताटांपुढे नुसतीच बसलेली. भाऊ म्हणाला, "नाटकं करायलीस गं, खरं काय त्यात?" सिंडी शर्मन या अमेरिकन फोटोग्राफर बाईनं १९७७ ते १९८० या काळात कधी न निघालेल्या सिनेमांतल्या बायका स्वतःच उभ्या केल्या, तेही नाटकच. आणि आपल्या आयांचे स्थळांना पाठवलेले फोटो आठवा: स्टुडिओतली कुंडी, उसनी साडी, मान जरा तिरकी. मांडलेलेच की! मांडणारा दुसरा होता, एवढंच.

धोटा: स्थळांच्या फोटोचं पटलं. बाकी नाही. शर्मन सिनेमातल्या साच्याची नक्कल करते, तुमची आई साचा आहे का? माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, पान कातरायचं, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांमागे, आणि छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढी मेहनत वाया. "जरा थांब, उजेड छान पडलाय" असं कुणी म्हटलं असतं तर सूप फेकून मारलं असतं तिनं.

चाटीगल्ली: तिला थांबता येत नव्हतं, मग थांबलेली बाई दिसणार कुठे? फोटोतच ना?

धोटा: थांबलेली तुम्ही दिसता. ती नाही.

पूर्वभाग: कॅरी मे वीम्स या अमेरिकन फोटोग्राफरची १९९० ची 'किचन टेबल' ही फोटोंची मालिका बघा. एकच टेबल, वर एकच दिवा, २० फोटो. बाई ती स्वतःच. पुरुष येतो, मैत्रिणी येतात, लहान मुलगी तिच्यासारखीच आरशात बघून लिपस्टिक लावते, शेवटी ती एकटीच पत्ते मांडून बसते. जागा तीच राहते म्हणून माणसांची ये-जा डोळ्यांत भरते. धोटा, ही नक्कल कुणाची? आपल्याकडे तर टेबलही नाही, गॅसचा कट्टा, आणि त्यापुढे बाई उभीच. तिथं एक खुर्ची ठेवून बघा, फोटो आपोआप बदलेल. (आमच्याकडे ठेवली होती. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी डबे ठेवले तिच्यावर.)

धोटा: खुर्चीचं चांगलंय. पण वीम्स स्वतःच्या नावावर बसलीय, आईच्या साडीत नाही.

कडकभाकरी: एक साधा प्रश्न. ती उष्टी ताटं शेवटी कुणी घासली?

चाटीगल्ली: मीच. आधी ट्रायपॉड आवरला, मग ताटं.