टाइप १ मधुमेह आणि व्हिटॅमिन डी : गोव्यातल्या घरांतले अनुभव

टाइप १ असलेल्या मुलांचे पालक भेटले की हल्ली व्हिटॅमिन डीचा विषय निघतोच. कुणी म्हणतं ते कमी पडलं म्हणून मुलाला डायबेटिस झाला, कुणी म्हणतं त्याचे सॅशे (पुड्या) सुरू केले आणि इन्सुलिनची गरज उतरली. माझी मुलगी सातवीत आहे, इन्सुलिनवर आहे, तिचंही व्हिटॅमिन डी कमीच निघालं. म्हणून तुमच्या घरात प्रत्यक्ष काय घडलं ते लिहा. रिपोर्ट काय आला, कशानं फरक पडला, काय होतं तसंच राहिलं. डोस मात्र एकमेकांना सुचवू नका, प्रत्येक मुलाचं वजन आणि रिपोर्ट वेगळा.
– फोंडा

डिचोलीहून, एक वडील

मुलाचं निदान झालं ते थेट बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, डीकेए होऊन, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठून जिवावर बेतलं तेव्हा. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आलेली, घरात माटोळीचं सामान येत होतं आणि पोरगा तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता. तेव्हाच्या तपासण्यांत व्हिटॅमिन डी १४ आलं, म्हणजे कमीच. इन्सुलिनबरोबर आठवड्याला एक सॅशे सुरू झाला.

दिवाळीच्या सुमारास इन्सुलिनची गरज भराभर खाली आली. रात्री शुगर लो व्हायची. कपाळाला हात लावला तर घामानं थबथबलेलं, केस उशीला चिकटलेले, ग्लुकोज द्यायला उठवावं तर ओठ थरथरत असायचे. आई म्हणाली, सूर्यनारायण पावला. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी तर इन्सुलिनचं पेन बंदच करा म्हणून धरणं धरलं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. बाहेरून इन्सुलिन मिळायला लागलं की स्वादुपिंडात उरलेल्या बीटा पेशींना उसंत मिळते आणि त्या काही महिने पुन्हा थोडंफार इन्सुलिन करतात. याला हनिमून पिरियड म्हणतात. व्हिटॅमिन डीचा थेंबही न घेतलेल्या मुलांतही तो येतो. आमच्याकडे दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या, म्हणून श्रेय सॅशेला गेलं. त्यांनी युनिट कमी करून दिले, बंद केले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गरज परत चढली. त्या वेळी व्हिटॅमिन डी ३८ होतं, म्हणजे अगदी व्यवस्थित. हे प्रत्येक नव्या पालकाला कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण या महिन्यांत इन्सुलिन थांबवून पोरं परत डीकेएत जातात.

पणजीहून

मला अडतिसाव्या वर्षी झाला. अंगानं सडपातळ, तरी एका दवाखान्यात टाइप २ समजून गोळ्यांवर ठेवलं. वर्ष गेलं, वजन उतरतच राहिलं. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्तात जीएडी अँटिबॉडी (शरीर आपल्याच बीटा पेशींविरुद्ध गेल्याची खूण) तपासली, ती पॉझिटिव्ह. मोठेपणी हळूहळू येणारा हा ऑटोइम्यून प्रकार, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं तो, लाडा म्हणतात.

व्हिटॅमिन डी ९. समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला ऊन कमी कसं पडलं, हे सगळ्यांनीच विचारलं. मी बँकेत दिवसभर एसीत, स्कूटरवर जॅकेट आणि हेल्मेट. टेबल खिडकीशी आहे, पण काचेतून यूव्हीबी किरण जवळजवळ येतच नाहीत आणि त्वचेत व्हिटॅमिन डी बनतं ते त्यांच्यामुळेच. सकाळच्या कोवळ्या उन्हातही ते फार थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं.

कमतरता भरून निघाल्यावर पिंढऱ्यांचं दुखणं आणि जिना चढतानाचा थकवा गेला. इन्सुलिन आहे तेवढंच आहे.

मडगावहून, निवृत्त शिक्षक

नातवाला टाइप १ आहे. धाकट्या नातीला आत्तापासून व्हिटॅमिन डी दिलं तर टळेल का, असं सून विचारते. तिच्यासाठी जे वाचलं ते इथे देतो.

शंका रास्त आहे. आपल्याच बीटा पेशींवर चालून जाणाऱ्या टी पेशींत व्हिटॅमिन डीचे रिसेप्टर, म्हणजे ते ओळखून जोडून घेणाऱ्या जागा, असतात. फिनलंडमध्ये, जिथे हा आजार जगात सर्वांत जास्त, १९६६ साली जन्मलेल्या दहा हजारांहून अधिक बाळांचा पुढे १९९७ पर्यंत मागोवा घेतला. रोज २००० युनिट नेमानं मिळालेल्यांत धोका सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी दिसला. २००१ मध्ये हे छापून आलं तेव्हा मोठी खळबळ झाली. पण मधुमेह झालेली मुलं एकूण ८१च होती, आणि कुणाला किती द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. नेमानं थेंब देणारं घर इतरही अनेक बाबतींत वेगळं असू शकतं. पुढे २०२१ मध्ये जनुकांच्या आधारे तपासलं, तेव्हा मोठा परिणाम आढळला नाही. व्हिटॅमिन डी देऊन केलेल्या अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत (२०२२) ऑटोइम्यून आजार २२ टक्क्यांनी कमी झाले खरे, पण ती सगळी पन्नाशीची आणि त्यापुढची माणसं.

सुनेला सांगितलं, नातीचं कमी असेल तर हाडांसाठी द्यायलाच हवं, मात्र ती डायबेटिसची लस नव्हे. अँटिबॉडी तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोल.

साखळीहून, आई

आमच्याकडे सॅशे संपत होते, रिपोर्ट हलत नव्हता. मुलीचं पोट सारखं फुगलेलं, वजन वाढेना, आणि जेवणानंतर शुगर अचानक लो. टाइप १ बरोबर सिलियाक, म्हणजे गहू न सोसणारा आतड्याचा आजार, येऊ शकतो हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याची रक्ततपासणी, टीटीजी, पॉझिटिव्ह आली, मग एंडोस्कोपी. गव्हामुळे आतड्याचं अस्तर झिजलेलं, औषध अंगी लागणार कसं?

पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की ती दाराशी धावायची, उंडो पाव तिचा जीव की प्राण. तो बंद केला. आता नाचणीची भाकरी, तांदळाचे पोळे, शीत-कडी (भात आणि आमटी). काही महिन्यांत व्हिटॅमिन डी वर आलं, उंचीही वाढली. सॅशे घेऊनही आकडा हलत नसेल तर ही तपासणी जरूर मागा.

म्हापशाहून, लॅबमध्ये काम करते

साखळीच्या ताईंना दुजोरा. दुसरी बाजूही सांगते. ६०,००० युनिटचा सॅशे आठवड्याचा असतो, तो रोजचा समजून घेणारे लोक मी पाहिलेत. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ होते, पोट साफ होत नाही, खूप तहान लागते आणि लघवीला सारखं जावं लागतं. टाइप १ च्या घरात ही लक्षणं दिसली की शुगर वाढली असंच वाटणार. मीटरवर शुगर ठीक असूनही तहान थांबत नसेल तर कॅल्शियम तपासा.

बेतूलहून

आमच्या घरात मासळीचाच धंदा. आहारतज्ज्ञ बाईंनी लेकाला तारले आणि बांगडे खायला सांगितलं, तेलकट मासळीत व्हिटॅमिन डी असतं. जून-जुलैच्या बंदीत सुक्यावर भागतं, पण त्यात मीठ फार, म्हणून त्या दिवसांत बाई अंड्याचा बलक चालेल म्हणतात. एवढं खाऊनही त्याचं २२ च आलं, म्हणून सॅशे आहेच, दुधाबरोबर देतो. तारल्यांनी शुगर फारशी चढत नाही. शीत मात्र वाटीनं मोजून वाढते आणि त्यावर इन्सुलिनचे युनिट ठरवते.